वनांतून नळापर्यंत : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची अभ्याससहल

"मुंबईस पाणी कोठून येतें?" असा प्रश्न वर्गांत विचारला असतां बहुतेक मुलें "नळांतून" असें उत्तर देतात. जरा विचारी मुलें "तलावांतून" असें म्हणतात. परंतु तलावांत तें कोठून येतें, आणि पावसाळा संपल्यावरही तेथें कसें टिकतें, हें सांगणारा विद्यार्थी क्वचितच आढळतो. यांत मुलांचा दोष नाहीं. शहरांत वाढलेल्या मनुष्यास पाणी म्हणजे तोटी फिरविली कीं मिळणारी वस्तु, असेंच वाटत असतें. आणि जी वस्तु श्रमावांचून मिळते तिच्या उगमाचा शोध घेण्याची बुद्धि सहसा कोणास होत नाहीं. हा शोध घेण्यासाठीं फार लांब जावें लागतें असेंही नाहीं. मुंबईच्या हद्दीलगत, किंबहुना पुष्कळ अंशीं हद्दींतच, एक मोठें अरण्य उभें आहे. तेंच बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होय. गेल्या हिवाळ्यांत इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. त्या दिवशीं जें पाहिलें व शाळेंत परत आल्यावर जें पडताळून घेतलें, तें येथें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगासाठीं क्रमानें मांडीत आहों.

स्थान व मार्ग

प्रथम नकाशा समोर घ्यावा. मुंबईच्या उत्तरेकडील भागास साष्टी असें जुनें नांव आहे. एके काळीं येथें सहासष्ट गांवें होतीं, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. साष्टी हें वास्तविक एक बेट आहे. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस ठाण्याची खाडी व उत्तरेस वसईची खाडी आहे. बेटाच्या मधोमध दक्षिणोत्तर डोंगरांची एक रांग गेली असून, तिच्या माथ्यावर व कुशींत सुमारें १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राचें हें उद्यान पसरलें आहे. एका अंगास मुंबईचीं उपनगरें, दुसऱ्या अंगास ठाणें शहर, आणि मध्यें हें वन, अशी ही रचना आहे. उत्तरेकडे वनाची कड थेट वसईच्या खाडीस भिडते. तेथें डोंगरउतारावरील साग आणि खाडीच्या चिखलांतील तिवर यांच्यामध्यें थोडेंच अंतर राहतें. डोंगर, अरण्य, खाडी व महानगर हीं चारही एका दिवसाच्या सहलींत पाहावयास मिळावीं, असें भाग्य जगांतील फार थोड्या शहरांच्या वांट्यास आलें आहे.

पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्थानकावर उतरून पूर्वेच्या बाजूस चालत गेलें असतां थोड्याच वेळांत उद्यानाचें मुख्य प्रवेशद्वार लागतें. तेथून कान्हेरीचीं लेणीं सुमारें ६ किलोमीटर आंत आहेत. सोमवारीं उद्यान बंद असतें, हें सहल ठरविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. मुलांस नेण्यास हिवाळा सर्वांत सोयीचा. परंतु ज्यांस पाण्याचें काम प्रत्यक्ष पाहावयाचें असेल, त्यांनीं पावसाळ्याच्या शेवटीं शेवटींही एकदां अवश्य जावें.

चार महिने पूर, आठ महिने तहान

सहलीस निघण्यापूर्वीं आम्हीं मुलांसमोर एक कोडें ठेविलें होतें. मुंबईच्या परिसरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो. हें सारें पाणी जागच्या जागीं उभें राहिलें, तर उंच मनुष्यही त्यांत बुडून जाईल. उरलेल्या आठ महिन्यांत मात्र पाऊस जवळजवळ नाहींच. तेव्हां चार महिन्यांचें पाणी बारा महिने पुरवावें कसें? या भूमीवर ज्यानें ज्यानें राहावयाचें ठरविलें, त्यास हें कोडें सोडवावेंच लागलें. बोरिवलीच्या वनांत या कोड्याचीं तीन उत्तरें एका दिवसांत पाहावयास मिळतात. पहिलें वनाचें, दुसरें कान्हेरीच्या भिक्षूंचें व तिसरें गेल्या शतकाच्याही मागील शतकांतील अभियंत्यांचें.

वनाचें उत्तर

प्रवेशद्वार मागें टाकून कान्हेरीच्या वाटेस लागलें कीं दुतर्फा साग, ऐन, खैर, पळस, काटेसावर व बांबू यांचें मिश्र वन सुरू होतें. हें पानझडी जातीचें वन आहे. उन्हाळ्यापूर्वीं येथील पुष्कळ झाडें पानें टाकतात, आणि तीं पानें झाडाखालींच पडून राहतात. शहरांतील मनुष्यास हा पाचोळा म्हणजे केर वाटतो. आमच्या बरोबरच्या एका विद्यार्थ्यानें तर "हें सगळें झाडून कां काढीत नाहींत?" असा प्रश्न वनरक्षकास विचारिलाही. वनरक्षक हंसला नाहीं. त्यानें एका सांवलीच्या घळीपाशीं आम्हांस थांबविलें व हातांतील काठीनें पाचोळा हळूच बाजूस सारला. वर कोरडीं पानें होतीं. त्यांखालीं अर्धवट कुजून जाळी पडलेलीं पानें, आणि त्यांखालीं काळीभोर, भुसभुशीत माती. पाऊस जाऊन इतके दिवस लोटले असतांही ती माती बोटास ओलसर लागली. "हें झाडून टाकलें तर डोंगर राहील, पण पाणी राहणार नाहीं," एवढेंच तो म्हणाला.

त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर जोरानें आदळला, तर तो माती उडवितो, तिचीं छिद्रें बुजवितो आणि माती घेऊनच उताराकडे धांवत सुटतो. तोच थेंब झाडाच्या पानावर पडला तर त्याचा वेग मोडतो. पानावरून फांदीवर, फांदीवरून खोडावर, आणि खोडावरून पाचोळ्यावर असा तो पायरी-पायरीनें उतरतो. पाचोळा त्यास धरून ठेवितो. मुळांनीं, वाळवीनें व किड्यांनीं केलेल्या वाटांनीं तो सावकाश मातींत शिरतो. येथील डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत. परंतु पाषाणासही भेगा असतात व त्यांतून कांहीं पाणी खोल जातें. पावसाळा संपल्यावर हेंच पाणी झऱ्यांच्या रूपानें हळूहळू बाहेर येतें. हे डोंगर फार उंच नाहींत, त्यामुळें पुष्कळ ओढे उन्हाळ्यांत आटतात, हें खरें. तथापि वन नसतें, तर पाऊस थांबल्यावर कांहीं दिवसांतच ते आटले असते आणि जातांना डोंगराची मातीही समुद्रांत घेऊन गेले असते.

या कामांत लहान झुडपांचा वांटा मोठा असतो. कारवी हें त्याचें उत्तम उदाहरण होय. ही उंच झुडपाची जात उतारांवर दाट वाढते व आपल्या मुळांनीं माती आवळून धरते. तिच्या काठ्या बांधून व वर माती लिंपून वारली लोक आपल्या घरांच्या कुडाच्या भिंती करितात. कारवीची दुसरी मौज अशी कीं ती दरवर्षीं फुलत नाहीं. येथील कारवीस आठ वर्षांनीं एकदां बहर येतो आणि मग सारे उतार जांभळे होतात. २००८, २०१६ व २०२४ या वर्षीं असा बहर आला होता. बहर संपून बीं पडलें कीं तीं झुडपें मरतात व नवीं रोपें उगवतात. पुढील बहर २०३२ च्या सुमारास यावयाचा आहे. तोंपर्यंत हे उतार शाबूत राहिले, तर आज शाळेंत असलेलीं मुलें तो पाहतील.

भिक्षूंचें उत्तर

आतां कान्हेरीच्या टेंकडीवर चढूं. कान्हेरी हें नांव कृष्णगिरि, म्हणजे काळा डोंगर, यावरून आलें. येथें एकाच पाषाणांत खोदलेलीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं हें काम सुरू झालें आणि पुढें कित्येक शतकें चालू राहिलें. बौद्ध भिक्षूंचें हें एक मोठें वसतिस्थान व विद्येचें ठिकाण होतें. त्या काळीं सोपारा, कल्याण व चौल हीं या किनाऱ्यावरील भरभराटलेलीं बंदरें होतीं. तेथील व्यापाऱ्यांनीं व इतर गृहस्थांनीं येथें दानें दिलीं, असें भिंतींवरील ब्राह्मी लिपींतील लेखांवरून समजतें. तिसऱ्या क्रमांकाचें लेणें म्हणजे मोठें चैत्यगृह. त्याच्या ओसरींत दोन्ही टोकांस सुमारें ७ मीटर उंचीच्या बुद्धाच्या उभ्या मूर्ति आहेत. मुलें त्यांच्याकडे मान वर करून बराच वेळ पाहत उभीं राहिलीं.

परंतु आमचा त्या दिवसाचा पाठ मूर्तींचा नव्हता, पाण्याचा होता. म्हणून आम्हीं मुलांस सांगितलें कीं, आतां वर न पाहतां पायांखालीं पाहा, आणि खडकांत कोरलेली प्रत्येक बारीक खांच कोठे जाते तें शोधा. पांचच मिनिटांत मुलांस मर्म सांपडलें. डोंगराच्या उघड्या पाठीवरून लहान लहान पन्हाळी कोरल्या आहेत. त्या पावसाचें पाणी गोळा करून लेण्याच्या दारांतील टाक्याकडे नेतात. टाकें म्हणजे खडकांतच खोदलेला हौद. बहुतेक विहारांस त्याचें स्वतःचें टाकें आहे. तोंड लहान आणि पोट मोठें, अशी कित्येकांची घडण असल्यामुळें पाण्यास ऊन कमी लागतें व तें कमी उडून जातें. या टाक्यांस तेथील प्राचीन लेखांत "पोढी" असें म्हटलें आहे. ज्याप्रमाणें कोणी लेणें दान केलें, त्याप्रमाणें कोणी पोढी दान केली, अशी नोंद खडकावर कोरून ठेविली आहे. मूर्तीचें दान आणि पाण्याचें दान यांची नोंद एकाच मानानें एकाच डोंगरावर व्हावी, ही गोष्ट मुलांनीं मनांत सांठवून ठेवण्याजोगी आहे.

येथें एका मुलीनें चांगला प्रश्न विचारिला. ती म्हणाली, "सर, खालीं ओढा असतांना त्यांनीं इतके कष्ट कां घेतले?" आम्हीं तें उत्तर मुलांकडूनच काढून घेतलें. ओढा उन्हाळ्यांत आटतो, हें एक कारण. आणि भिक्षूंचा मुक्काम पावसाळ्यांत एका जागीं असे, व माणसें पुष्कळ असत, हें दुसरें. शेंकडों माणसांनीं एका डोंगरावर राहावयाचें तर प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. आजच्या भाषेंत ज्यास पर्जन्यजलसंचय म्हणतात, तो कान्हेरीच्या डोंगरावर इतक्या शतकांपूर्वीं शिस्तीनें चालू होता.

अभियंत्यांचें उत्तर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईची तहान विहिरी व लहान तलाव यांवर भागत असे. लोकसंख्या झपाट्यानें वाढली. त्यांतच पाऊस कमी झाला कीं विहिरी आटत व मोठा हाहाकार उडे. तेव्हां साष्टीच्या डोंगरांतील पाणी अडवून नळानें शहरांत आणावें, अशी योजना हेन्री कॉनिबेअर नांवाच्या अभियंत्यानें मांडिली. मिठी नदीच्या वरच्या अंगास बांध घालून विहार तलाव तयार झाला व १८६० सालीं त्याचें पाणी शहरास मिळूं लागलें. पुढें तेंही अपुरें पडूं लागल्यावर जवळच तुळशी तलाव बांधण्यांत आला. त्याचें काम १८७९ सालीं पुरें झालें. हे दोन्ही तलाव आजही मुंबईस पाणी देतात.

या ठिकाणीं एक गोष्ट फार विचार करण्यासारखी आहे. तलावांचें पाणी स्वच्छ राहावें व त्यांत गाळ येऊं नये, म्हणून त्यांच्या भोंवतालचें पाणलोट क्षेत्र राखून ठेविण्यांत आलें. तेथें वस्ती व शेती वाढूं दिली नाहीं. याच राखलेल्या क्षेत्राभोंवतीं पुढें राष्ट्रीय उद्यान उभें राहिलें. म्हणजे वनानें तलावांस पाणी दिलें आणि तलावांनीं वनास संरक्षण दिलें. पाण्याची गरज नसती, तर मुंबईच्या मध्यावर इतकें मोठें अरण्य शिल्लक राहिलें असतें, असें मानावयास फारशी जागा नाहीं.

आज मुंबईची गरज अतोनात वाढली आहे. शहरास दररोज जवळजवळ ४०० कोटी लिटर पाणी पुरवावें लागतें, आणि तें सात तलावांतून येतें : भातसा, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार व तुळशी. या सातांच्या एकूण सांठ्यांत विहार व तुळशी यांचा मिळून वांटा शेंकडा अडीचच्या आसपास भरतो. हें ऐकून कांहीं मुलें म्हणालीं, "मग आतां या वनाचा मुंबईस काय उपयोग?" पण तानसा तलावही अभयारण्यानें वेढलेला आहे, आणि दूरच्या डोंगरांतील पाणीही पाचोळ्यांतून, मुळांतून, ओढ्यांतूनच तलावांत उतरतें. जो नियम बोरिवलीस लागू आहे, तोच शंभर किलोमीटरांवरील डोंगरासही आहे. शिवाय वनाचें काम तलावापाशीं संपत नाहीं, हें आम्हांस त्याच दिवशीं संध्याकाळीं दिसून आलें.

वेशीबाहेरची नदी

साष्टीच्या या डोंगरांतून चार लहान नद्या निघून पश्चिमेकडे समुद्रास मिळतात : दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी. पैकीं दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूनें निघून उद्यानांतून वाहते व पुढें दाट वस्तींतून जाऊन मनोरीच्या खाडीस मिळते. तिची सगळी लांबी सुमारें १२ किलोमीटर. आम्हीं बरोबर दोन कांचेच्या बाटल्या घेतल्या होत्या. पहिली बाटली वनरक्षकाच्या परवानगीनें उद्यानाच्या आंत, जेथें नदी दगडगोट्यांवरून वाहते, तेथें भरली. पाणी नितळ होतें, तळाचे खडे मोजतां येत होते, आणि एका कडेस लहान मासे फिरत होते. मग प्रवेशद्वारांतून बाहेर पडून अर्ध्या तासानें शहरांतील एका पुलाशीं आलों. तेथें दुसरी बाटली भरली. ती नाकाजवळ नेणेंही कठीण झालें. पाणी काळें होतें, वर फेंस होता, आणि कांठाच्या झुडपांस प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या. एका मुलानें विचारिलें, "सर, ही तीच नदी का?"

ती तीच नदी होती. वनांतून ती ज्या स्थितींत आपल्या हातीं येते, आणि आपण तिला ज्या स्थितींत समुद्राच्या स्वाधीन करितों, यांतील अंतर त्या दोन बाटल्यांत दिसत होतें. कांठावर उभें राहून मुलांनीं वहींत टिपणें केलीं : गोठ्यांचें शेण, कारखान्याचें रंगीत पाणी, घरांचें सांडपाणी, केर, जुन्या गाद्या, बांधकामाचा राडारोडा. कोणी म्हणालें, लोक अडाणी आहेत. त्यावर आमच्याच वर्गांतील एक विद्यार्थी, जो स्वतः नाल्याकांठच्या चाळींत राहतो, शांतपणें म्हणाला, "आमच्या गल्लींत कचऱ्याची गाडी शिरत नाहीं. दोन-दोन दिवस केर घरांत ठेवायला दहा फुटांच्या खोलींत जागा नसते." त्यानंतर थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. नदी घाण करणें वाईट, हें सांगणें सोपें आहे. केर टाकण्यास योग्य जागा, सांडपाण्यास योग्य वाट, व दूषित पाणी सोडणाऱ्यांवर कायद्याचा धाक, हीं तिन्ही असल्यावांचून नुसत्या उपदेशानें नदी स्वच्छ होत नाहीं, हें त्या मुलाच्या एका वाक्यानें आम्हां सर्वांस शिकविलें.

ही हयगय किती महाग पडते, हें मुंबईनें २६ जुलै २००५ रोजीं अनुभविलें. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळीं शहराच्या दक्षिण टोकास कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर झाला. म्हणजे ढग फुटले ते या डोंगरांवर व उपनगरांवर. त्यांतच समुद्रास भरती होती. विहार व पवई तलावांकडून येणारी मिठी नदी सुमारें १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते. परंतु वाटेंत तिचें पात्र भराव घालून, बांधकामें करून व केर टाकून जागोजाग अरुंद झालें होतें. पाण्यास समुद्राकडे जाण्यास वाट सांपडली नाहीं, आणि तें घरांत शिरलें. शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं. इतका पाऊस कोणतेंही वन पूर्णपणें जिरवूं शकलें नसतें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु डोंगरावर वन, मध्यें मोकळें नदीपात्र, व मुखाशीं तिवरांचें रान, अशी सृष्टीची जी तीन पदरी व्यवस्था आहे, तिच्यापैकीं खालचे दोन पदर आपण फाडून ठेविले होते. तिवरें समुद्राच्या लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवितात, आणि भरतीच्या पाण्यास पसरण्यास जागा देतात. तीं तोडून तेथें भराव घातला, कीं तीच जागा पाणी आपल्या घरांत शोधूं लागतें.

केर आणि बिबट्या

वनांत जाणाऱ्यांस बिबट्याची भीति वाटते, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. या वनांत व लगतच्या भागांत ४० हून अधिक बिबटे असल्याचें अलीकडील गणनांतून दिसून आलें आहे. २००२ ते २००४ या काळांत त्यांच्या हल्ल्यांनीं पुष्कळ माणसें दगावलीं होतीं. पुढें वनखातें, अभ्यासक व नागरिक यांनीं मिळून काम केलें. त्यांत जी गोष्ट ठळकपणें पुढें आली ती अशी : वस्तीच्या कडेस उघडा केर पडला, कीं कुत्रे जमतात, कुत्रे जमले, कीं त्यांच्या मागावर बिबट्या येतो. म्हणजे जो केर नदी तुंबवितो, तोच बिबट्यास दाराशीं आणितो. येथील वारली लोक पिढ्यान् पिढ्या वाघोबास देव मानून त्याच्या शेजारीं राहत आले आहेत. भय बाळगावें, पण शेजार मोडूं नये, अशी त्यांची रीत. सहलीस जाणाऱ्यांनीं एवढें पाळावें : दिवस मावळण्यापूर्वीं बाहेर पडावें, वाट सोडूं नये, एकटें मागें राहूं नये, माकडांस खाऊ घालूं नये, आणि खाण्याचा उरलेला कण व रिकामी पिशवी आपल्याबरोबर परत आणावी.

पालकांस विनंती

त्या दोन बाटल्या आम्हीं विज्ञानाच्या वर्गांत खिडकीशीं ठेविल्या आहेत, व त्यांवर केवळ स्थळ आणि तारीख लिहिली आहे. पालक शाळेंत येतील तेव्हां त्यांनीं त्या अवश्य पाहाव्या. मुलांस वर्षांतून एक दिवस तरी या वनांत न्यावें. केवळ पाळण्यांत बसविण्यासाठीं किंवा छायाचित्रें काढण्यासाठीं नव्हे, तर पाण्याची वाट दाखविण्यासाठीं न्यावें. आणि ज्या गल्लींत कचऱ्याची गाडी येत नाहीं, तेथील रहिवाशांनीं एकत्र सही करून महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाकडे लेखी मागणी करावी. असा अर्ज शुद्ध व नम्र भाषेंत कसा लिहावा, हें आम्हीं नववीच्या मुलांस मराठीच्या तासास शिकविलें आहे. ज्या पालकांस गरज वाटेल, त्यांनीं आपल्या मुलाकडून तो लिहवून घ्यावा.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

१. दोन पसरट ताटें घ्या. एकांत नुसती माती पसरा, दुसऱ्यांत तेवढीच माती पसरून वर वाळलेल्या पानांचा थर द्या. दोन्ही सारखीं तिरपीं ठेवून प्रत्येकांत झारीनें एक तांब्या पाणी ओता. खालीं गोळा झालेलें पाणी मोजा, त्याचा रंग पाहा, आणि तें किती वेळ ठिबकत होतें तें लिहून ठेवा.

२. आपल्या घरीं एका दिवसांत किती बादल्या पाणी लागतें, तें कामावार मोजा. त्यांतील किती पाणी कमी करतां येईल, तें आईस विचारून लिहा.

३. नकाशांत दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी या नद्यांचे मार्ग निळ्या पेन्सिलीनें काढा. त्यांपैकीं आपल्या घरास सर्वांत जवळची कोणती, तें दाखवा.

४. त्या नदीच्या किंवा जवळच्या नाल्याच्या पाण्याचें पहिल्या पावसापूर्वीं व नंतर असें दोन वेळां, मोठ्या माणसास बरोबर घेऊन व पुलावरूनच, निरीक्षण करा. रंग, वास व वाहून आलेल्या वस्तु यांची नोंद ठेवा.

५. २६ जुलै २००५ या दिवशीं आपल्या घरचीं वडील माणसें कोठें होतीं, घरीं कशीं पोहोंचलीं, आणि कोणीं त्यांस मदत केली, हें त्यांना विचारा. त्यांच्याच शब्दांत तें पंधरा ओळींत लिहून आणा.